ठमीचे तीन पेले रक्त

"टोपडं सारखं एका अंगाला का सरकतंय गं? पोरीचं डोकं एकदा दाखवून घे," जाऊबाई म्हणाल्या, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, शिवण तुमची बिघडली आणि खोट माझ्या लेकीच्या डोक्यात काढताय होय. ठमी तेव्हा नुकती मान धरू लागली होती. पुढे लसीला गेलो, तर डॉक्टरीणबाईंचा हात तिच्या टाळूवर बराच वेळ थांबला. कवटीच्या हाडांमधला एक सांधा वेळेआधीच बुजला होता. ऑपरेशन करून तो मोकळा केला नाही, तर वाढत्या मेंदूला जागा पुरली नसती.

मला धास्ती होती ती रक्ताची. सर्जननी सांगितलं, एवढ्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम दोन-तीन पेले. मोठ्या माणसाला जाणवणारही नाही एवढं गेलं, तरी तिला बाहेरून चढवावं लागतं. मग मी वाचत सुटले. रक्त चढवल्यावर येणारा ताप, रिअ‍ॅक्शन, काय काय. नवरा म्हणायचा, हिची पदवी कॉमर्सची, पण काळजी एमबीबीएसची.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मला शेजारी बसवून घेतलं. चीर घेण्याआधी त्या सलाईनमधून एक औषध देणार होत्या आणि मग ते हळूहळू चालू ठेवणार होत्या. जखमेवर रक्त गोठतं, पण शरीर ती गुठळी लगेच विरघळवायलाही लागतं. हे औषध ते विरघळणं लांबवतं. त्यामुळे रक्त कमी जातं, चढवावंही कमी लागतं.

"मग नको तिथे गुठळी धरली तर?"

"म्हणून तर घरात कुणाला तसा त्रास आहे का, हिला कधी आकडी आली होती का, ते विचारलं. डोस वजनावर मोजून देईन. आणि रक्ताची पिशवी हाताशी असेलच. वचन नाही देत मी, तयारी करते."

हे ऐकून मी सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ठमी भुकेनं रडतच आत गेली. सासरे बाहेरच्या बाकावर शर्टाची बाही दुमडून बसले. पिशवी तयार आहे, तुमचं रक्त लागणार नाही, असं सांगून झालं होतं; पण त्यांचं एकच, लागलंच तर मी आहे. चहा आणला, तो नको म्हणाले. मला वाटलं, ताण असेल.

दुपारी सर्जन बाहेर आले. "पिशवी उघडावीच लागली नाही. एक-दोन दिवस लक्ष ठेवू, पण पोरगी छान आहे."

नवऱ्यानं भिंतीला पाठ टेकली. सासरे उठायला गेले आणि मटकन खाली बसले. नर्सनी विचारलं तेव्हा उलगडा झाला. ठमीचं पोट रिकामं ठेवा म्हटलेलं त्यांनी स्वतःलाही लावून घेतलं होतं. आदल्या संध्याकाळपासून अन्नाचा कण नव्हता. रक्त देणाऱ्यानं उलट खाऊन यायचं असतं आजोबा, नर्स रागावल्या.

"नात उपाशी, आणि मी जेवू होय सूनबाई?" ते मला म्हणाले.

मी त्यांना बिस्किटं भरवली. सगळी सकाळ मी त्यांच्या शेजारीच बसले होते, डोळे त्या बंद दारावर लावून. तुमचंही कुणी आत असेल, तर बाकावर बसलेल्या वडीलधाऱ्यांना विचारा, काही खाल्लंत का. हो म्हणाले, तरी परत विचारा.