मोहाची बाटली

करिश्मा मडावीचं पत्र शालिकरामजींच्या टेबलावर दिवाळीपासून पडून होतं. ती अहेरीकडच्या एका आश्रमशाळेत शिकवायची. आरमोरीच्या कॉलेजातल्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर शालिकरामजींनी एका साप्ताहिकात काचेच्या टाकीतल्या पाणवनस्पतींवर लेख लिहिला होता, आयुष्यातला एकुलता एक. तो वाचून तिनं लिहिलं होतं:

'सर, आमच्या गावची बोडी, म्हणजे छोटं तळं, बुजवली. तिच्यातलं पाणगवत आता फक्त शाळेच्या टाकीत उरलंय. पाणी बोरिंगचं आहे. पानांवर चुन्यासारखा पांढरा थर बसतो, पुसला तरी परत येतो, आणि वाढ थांबलीय. मुख्याध्यापक म्हणतात, उपटा आणि प्लास्टिकची झाडं लावा. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबा म्हटलंय मी.'

पुस्तकातलं उत्तर त्यांना ठाऊक होतं. पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी पडला की हे गवत तो जड पाण्यात विरघळलेल्या चुन्यातून ओढून घेतं, आणि चुना पानावर राहतो. वायू पुरवला की थर बसत नाही. पण वायूचं सिलिंडर त्या पोरीनं जंगलात कुठून आणायचं? आणि वायू जास्त झाला, मासे मेले, तर? ते दोन ओळी लिहीत आणि कागद चुरगाळत.

"लिवून टाका न जी," त्यांची बायको गोकुळाबाई म्हणायच्या. "तिचं गवत मरून जाईन, अन् तुमी अक्षरच पाहत बसान."

शेवटी त्यांनी आपल्याच घरच्या मासोळ्यांच्या टाकीत बोरिंगचं पाणी भरलं. महिनाभरात तिथल्या गवताच्याही पानांवर थर आला. एवढं तरी स्वतः पाहिलेलं झालं.

चैत्रात गोकुळाबाईंनी मोहफुलं वेचून आणली. लाडवांसाठी भिजवलेली थोडी फुलं भांड्यातच विसरून राहिली.

"अजी, इकडं या," त्यांनी हाक मारली. "हे बुडबुडे पाहा. तुमचा गॅस हाच होय का?"

शालिकरामजी भांड्यावर वाकले. फुलांतली साखर आंबत होती, आणि सुटणारा वायू तोच होता. मग त्यांनी ती फुलं पाण्यासकट बाटलीत भरली आणि झाकणातून सलाईनची नळी टाकीत सोडली. नळीच्या टोकाशी बारीक बुडबुडे सुटू लागले. वास मात्र घरात मावेना. शेजारचा धनराज कुंपणावरून डोकावला.

"भाऊ, या वयात हे काऊन सुरू केलं? पहिली धार मले ठेवजा."

"मासोळ्यांसाठी आहे," शालिकरामजी पुटपुटले.

"पाजून मंग तळता का?"

ते लाजून आत गेले आणि त्या गडबडीत नळी रात्रभर टाकीतच राहिली. सकाळी सगळ्या मासोळ्या वर येऊन तोंडं उघडझाप करत होत्या. गोकुळाबाईंनी नळी ओढून काढली, लोट्यानं टाकीतलंच पाणी घेतलं आणि त्यात हवा मिसळावी म्हणून उंचावरून धार धरली. धार धरून धरून त्यांचा खांदा भरून आला, तेव्हा पहिली मासोळी खाली गेली.

"हेच लिवा तिले," त्या पदरानं हात पुसत म्हणाल्या.

अंधारात झाडं वायू घेत नाहीत, उलट सोडतात, हे शालिकरामजींनी कितीदा वाचलं होतं. त्या दिवसापासून दिवेलागणीला नळी बाहेर निघू लागली. आमरसाचे दिवस आले तेव्हा गवताला नवी पानं फुटली होती. स्वच्छ, हिरवी. त्यांनी बोट फिरवून पाहिलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

सुट्टी लागायला आठवडा उरला होता. त्यांनी एका बैठकीत पत्र लिहिलं: मोहफुलं किती, नळी केव्हा काढायची, नळीशिवाय बाटली गच्च का बंद करायची नाही. रात्रीची चूकही लिहिली. 'जुनी पानं पांढरीच राहतील, नवी पाहा. गवत उपटलं गेलं असेल तर मुळं कचऱ्यात शोधा, ती चिवट असतात. मी सर नाही, ग्रंथालयात होतो,' असं खाली जोडलं.

पोस्टाच्या पेटीपाशी त्यांचा हात थांबला. "ताबडतोब लिहायला हवं होतं. आता काय उपयोग?"

"टाका जी," गोकुळाबाई म्हणाल्या. "ऊन लागून राह्यलं मले."

त्यांनी पत्र टाकलं. कुठे अडकलं तर नाही ना, म्हणून पेटीच्या तोंडात बोटं घालून चाचपलं. नव्हतं अडकलं.