कृष्णकांतचा खोकला

थोरला भाऊ गेला तेव्हा धाकट्या मारुतीच्या पदरात काय काय पडलं, याचा हिशेब एडवणच्या लोकांनी तेराव्याच्या पंगतीतच लावून टाकला होता. ओटीवरची आरामखुर्ची. घरातला शेवटचा शब्द. चामड्याच्या चपला, ज्या सैल होत होत्या, पण पुढे कापूस कोंबला की चालत होत्या. एक गोष्ट मात्र लोकांच्या हिशेबातून सुटली, कारण ती मारुतीने गुपचूप उचलली होती. कृष्णकांतच्या हृदयाच्या गोळ्या. अर्ध्या लाल, अर्ध्या पांढऱ्या कॅप्सूल, पिशवीभर.

मारुती बोईसरला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला होता. जळक्या मोटारीतली तांब्याची तारही जो माणूस फेकत नाही, तो भावाच्या धडक्या गोळ्या कशा फेकेल? प्रेशर त्यालाही होतंच. पण त्याच्या गोळ्या नाक्यावरच्या डॉक्टरच्या, बारक्या, पांढऱ्या. दादाच्या पालघरच्या मोठ्या हार्टवाल्याच्या. ‘प्रेशरची ती प्रेशरचीच,’ असं म्हणून त्याने आपल्या बंद केल्या, दादाच्या सुरू केल्या. बायकोला पत्ता लागू दिला नाही. मेलेल्याचं पायात घातलं तर चालतं, पोटात घातलं तर चालत नाही, हे मैनाबाईचं मत त्याला न विचारता ठाऊक होतं.

महिनाभरात त्याला खोकला लागला. कोरडा. ना कफ, ना ताप. घशात कुणी पीस फिरवल्यासारखी गुदगुली व्हायची, मग खक्-खक्-खक्, जरा उसंत, आणि मागून राहिलेला एक खक्. घरात हा खोकला सगळ्यांच्या ओळखीचा होता. कृष्णकांत शेवटी शेवटी असाच खोकायचा.

एका दुपारी वीज गेलेली. मारुती ओटीवरच्या खुर्चीत खोकत बसला होता. आतून पारू आली, कृष्णकांतची बायको. डोळ्यांवर झोप, हातात कोमट पाण्याचा पेला.

“घ्या. कितींदा सांगितला, भरल्या पोटी आडवा होऊ नका म्हणून.”

हा आवाज ती दिराशी वापरत नसे. मारुती खुर्चीत सरळ झाला.

“वयनी, मी हाय.”

पारू पेला तसाच धरून उभी राहिली. “तुमीच हाव ना, भावजी?”

“मग काय दादा हाय?” तो हसायला गेला, आणि हसण्याचा खोकला झाला. खक्-खक्-खक्. उसंत. खक्. पारूने दार लावून घेतलं.

शेजारचे पुंडलिककाका बोंबील सुकवता सुकवता कुंपणावरून म्हणाले, “अरे, काल आवाज आला तर मी हाक मारली, काय रे किसना! मंग जीभ चावली. त्याचा काय तरी राह्यलाय, मारुती. तुज्या गळ्यातून मागतो हाय.”

काय राहिलंय, हे गावाला माहीत होतं. कोलंबी. गोळ्या सुरू झाल्यावर काही महिन्यांनी एकदा कोलंबी खाल्ली आणि कृष्णकांतचा ओठ भाकरीसारखा फुगला. घराने ठरवलं, कोलंबीची ॲलर्जी. पारूने त्याची कोलंबी तोडली. पुन्हा ओठ फुगला, तेव्हा तिने दोष कोलंबीच्या तव्याला दिला. तवा बदलला. तिसऱ्यांदा फुगला, तेव्हा घरात कोलंबी आणणंच बंद केलं. समुद्राकाठचा माणूस वर्षभर शेजारच्या चुलीचा वास घेत तोंडली खात बसला आणि एका सकाळी उठलाच नाही. हार्टफेल, असं सगळे म्हणाले.

मारुतीला मात्र दुसरंच भय होतं. दादा कोलंबी नाही, आपल्या गोळ्या मागायला आलाय. परत नेऊन ठेवाव्यात, असं त्याला रोज सकाळी वाटे आणि रोज सकाळी तो एक गिळत असे. भूत लागलं म्हणून प्रेशर थोडंच थांबतं?

अमावास्येला दुपारी पारूने कोलंबी रांधली. एक पान माडाखाली ठेवलं. दुसरं, ज्याच्या गळ्यात तो आलाय त्याच्यासमोर. अशा पानावर बोलायचं नसतं आणि काही टाकायचं नसतं. मारुती जेवला. पारू समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होती. असं आपल्याला जेवताना कुणी कधी पाहिलं नाही, हे त्याला कळलं.

दिवेलागणीला खालचा ओठ फुगला. मग जीभ.

“अगो बाय, ह्यांचा तोंड बघा!” मैनाबाई ओरडली.

“असाच,” पारू भिंतीला टेकून म्हणाली. “ह्यांचा असाच व्हायचा.”

शेजारच्या कैलासने आपली रिक्षा पालघरपर्यंत न थांबता हाणली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, तरुण.

“काय खाल्लं होतं?”

“कोलंबी,” मैनाबाई म्हणाली. “ह्यांच्या घराण्यातच ॲलर्जी हाय.”

इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. जीभ काही मागे हटेना. बाईंनी सदरा वर करून पाठ पाहिली, दंड पाहिले. कुठे गांधी उठलेल्या नाहीत. “खाज येते?” मारुतीने मान हलवली, नाही. “गोळी कुठली चालू आहे?”

“प्रेशरची. बारकी, पांढरी,” मैनाबाईने सांगून टाकलं.

मारुतीला बोलता येत नव्हतं. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. खिशावर हात गेला, पण पारू शेजारीच उभी. चोर ठरायचं की गुदमरायचं, एवढाच सौदा उरला होता. त्याने गोळ्यांचं पाकीट काढलं.

पारूने ओळखलं. पाकिटाचे एकेका आठवड्यापुरते तुकडे ती कात्रीने कापून ठेवायची. हा तिनेच कापलेला.

“ही तर ह्यांची.”

बाईंनी नाव वाचलं, नर्सला हाक मारली, घशासाठी नळी तयार ठेवायला सांगितली. मग म्हणाल्या, “ही ॲलर्जी नाही. या गोळीने काहींना कोरडा खोकला लागतो. थोड्यांना अशी सूज येते. कधी लगेच, कधी वर्षांनी. दिसते ॲलर्जीसारखी, पण ॲलर्जीच्या इंजेक्शनांना दाद देत नाही. गोळी थांबवायची, हाच उपाय. कोलंबीचा काही संबंध नाही.”

मैनाबाई नवऱ्याकडे बघत राहिली. पारूने नवऱ्याच्या फुगणाऱ्या ओठाचं, पालघरच्या मोठ्या डॉक्टरचं सांगितलं आणि विचारलं, “मग ह्यांचा?”

“मोठ्या डॉक्टरांना सूज सांगितली होती?”

“नाय. कोलंबी खाल्ली म्हणून वरडतील, म्हणून लपवली. मीच सांगितला, नका बोलू म्हणून. आनि झोपेत गेले ते...”

“ते आता कळणार नाही,” बाई म्हणाल्या.

नळीची वेळ आली नाही. दोन रात्रींत सूज उतरली. मारुती घरी आला, गोळ्या गेल्या, पंधरवड्यात खोकलाही गेला. पुंडलिककाका गावभर सांगत सुटले, पान लागू पडलं, किसना तृप्त झाला. ते कुणी खोडलं नाही. सोयीचं होतं.

मग एका दुपारी पारू ओटीवर आली. म्हणाली, “भावजी, एकदा खोकून दाखवाल?”

मारुतीने खोकून दाखवलं. तो त्याचा स्वतःचा खोकला होता. पारूने नाही अशी मान हलवली आणि ती आत गेली.

मारुतीने जे उचललं, त्याची किंमत दोन रात्रींच्या श्वासात भरली आणि मोकळा झाला. कृष्णकांतने वर्षभराची चव भरली, कदाचित जीवही. मोठ्या डॉक्टरचं काही गेलं नाही, त्याला कुणी काही कळवलंच नाही. बाकीचं सगळं पारू भरते आहे, रोज, तिन्हीसांजेला तोंडली चिरताना.