तीन पानं

क्रेनचा दोर तुटून नवरा गेला, त्याला चौदा महिने झाले तेव्हा कुठे चौकशी कचेरीचं पत्र आलं. जे काही पुरावे असतील ते शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत ई-मेलनं पाठवा, म्हणे. स्वतः चौदा महिने घेतले आणि हिला दिले नऊ दिवस.

ती डगमगली नाही. कागद हा तिचा रोजचाच धंदा. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात ती अकरा वर्षं उभी होती. गिऱ्हाइकं तिला झेरॉक्सताईच म्हणायची. दुमडलेला दाखला असो की भिजून चिकटलेली वही, तिच्या हाताखालून गेली की वाचण्याजोगी होऊनच बाहेर यायची.

पुरावे तिला दिले होते दिरानं. तो त्याच कारखान्यात स्टोअर सांभाळायचा आणि सासूबाईंना घेऊन तिच्याच घरात वरच्या खोलीत राहायचा. महिनाभर जेवणाची सुट्टी मोडून त्यानं वह्यांचे चोरून फोटो काढले होते. मागणीच्या वह्या, साठ्याच्या वह्या, गेटपास, दोन वर्षांचं सगळं. चारशे बारा पानं. सापडला असता तर त्याच दिवशी नोकरी गेली असती.

"सगळं पाठवा वहिनी," एवढंच तो म्हणाला होता. "एकही पान गाळू नका."

तिनंही ती पानं वाचली नाहीत. नवऱ्याच्या खात्याचं नाव दिसलं की डोळे भरायचे, म्हणून नुसती सरळ करत गेली. गिऱ्हाइकांच्या मधे मधे वेळ काढून आडवं पान उभं केलं, काळोखं पान उजळलं, क्रमांक घातले. शुक्रवारी सकाळी एकच फाइल तयार झाली. तीनशे ऐंशी एमबी.

मेल पाठवला तसा परत आला. दहा एमबीच्या वर चालत नाही. हे तिला नवं नव्हतं. तिनं फाइलचे चाळीस तुकडे केले आणि एकेक पाठवायला बसली. सतरा गेले. अठरावा परत आला, कचेरीची मेलपेटी भरली होती. तिनं फोन लावला.

"अहो बाई, सकाळपासून तुमच्याच मेलांनी पेटी तुंबलीय," तिकडचा कारकून उखडलाच. "एका तक्रारीला एकच मेल. हे सगळे मी काढून टाकतोय."

"मग लिंक पाठवते. तिच्यावर टिचकी मारली की सगळी फाइल उतरेल."

"बाहेरची लिंक इथे उघडत नाही. बंदी आहे."

"पेन ड्राइव्ह घेऊन येते. तासाभरात पोचते."

"पत्रात काय लिहिलंय? ई-मेलनं. तुम्हाला वाचता येतं ना?"

"दहा एमबीत चारशे पानं बसवू कशी, तुम्हीच सांगा."

"महत्त्वाचं असेल तेवढं पाठवा हो. सगळंच कोण वाचत बसतंय!"

तिनं फाइल दाबून बघितली. दहा एमबीत बसली खरी, पण अक्षरांच्या जागी नुसते डाग उरले. दोन वाजून गेले होते. महत्त्वाचं निवडायचं तर वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दुकानमालकाला गल्ल्यावर बसवून ती पहिल्यांदा ती पानं वाचू लागली.

एकशे एकोणनव्वदाव्या पानावर देखभाल खात्याची मागणी होती. 'क्रेन क्रमांक दोनचा दोर, तारा तुटल्या आहेत, तातडीने बदलावा.' नवरा गेला तो याच क्रेनच्या दोरानं. खाली शेरा होता, 'शिल्लक नाही', आणि त्याखाली सही. घरच्या रेशनच्या, दवाखान्याच्या प्रत्येक अर्जावर तीच सही असायची. शेवटच्या अक्षराला शेपटी काढायची दिराची सवय तिला डोळे मिटूनही ओळखता आली असती. दोनशे तिसाव्या पानावर पुन्हा तीच मागणी, तोच शेरा, तीच सही. आणि साठ्याच्या वहीत त्याच तारखेला, 'तारेचा दोर, दोन नग'.

म्हणजे दोर होता. फळीवर पडून होता.

अपघाताच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर भावाचे बूट पोटाशी धरून बसलेला तो तिला दिसला. सगळं पाठवा, एकही पान गाळू नका! चारशे पानांच्या ढिगाऱ्यात आपली तीन पानं कोण शोधणार, असाच हिशेब केला असणार मेल्यानं. तिनं त्याला फोन लावायला घेतला आणि खाली ठेवला. विचारायचं तरी काय?

चारला पाच कमी असताना तिनं ती तीन पानं पाठवली. अगदी स्वच्छ, शाईचा ठिपकासुद्धा दिसेल अशी. सोबत एक ओळ लिहिली, 'दोर असताना दिला नाही. सही कोणाची ते पाहावे.' दोन एमबीसुद्धा झाले नाहीत. लगेच पोच आली.

संध्याकाळी दीर कामावरून आला, तो जिना न चढता तिच्या दारात थांबला. "गेलं का सगळं?"

"तीन पानं गेली," ती म्हणाली आणि तिन्ही छापील पानं त्याच्यापुढे धरली.

तो खाली बसला.

"दोर होता ना?" तिनं विचारलं.

"होता."

"मग 'शिल्लक नाही' कुणी लिहिलं?"

"मीच. साहेबांचा तोंडी हुकूम होता. चांगला माल नव्या शेडसाठी राखायचा, जुन्या शेडनं मागितला की शिल्लक नाही लिहायचं. ब्रेक, साखळ्या, पट्टे, सगळ्यांना तेच. दोन वर्षांत सेहेचाळीस वेळा. आणि तोच माल आठवड्याभरात नव्या शेडला जायचा, त्या गेटपासवर साहेबांची सही. एकेक पान घेतलंत तर दोषी मी. सगळी ओळीनं लावली तरच साहेब दिसतात."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"कुठल्या तोंडानं सांगू? वाटलं, तुम्ही वाचाल आणि मला बोलवाल. रोज वाट बघत होतो." त्यानं पानं तिच्या हातात परत दिली. "वहिनी, मला लपायचंच असतं तर ही तीन पानं मी तुम्हाला दिली असती का?"



सोमवारी ती पेन ड्राइव्ह घेऊन कचेरीत गेली. मुदत संपली, कारकून म्हणाला. ते सतरा मेल? ते त्याच दिवशी पुसले. अधिकाऱ्याला भेटू द्या म्हणाली, तर त्यानं दोन तास बाकावर बसवून आतूनच निरोप पाठवला, तुमचा पुरावा मिळाला आहे, उत्तम आहे, आणखी गरज नाही.

निकाल पाच महिन्यांनी लागला. दोर साठ्यात असूनही न देणारा स्टोअरकीपर एकटा दोषी, व्यवस्थापनाच्या आदेशाची कुठेही नोंद आढळली नाही. दिराची नोकरी गेली, वर खटला उभा राहिला. तो साहेबांचं नाव घेत राहिला, पण वह्या केव्हाच बदलल्या गेल्या होत्या. तिच्याजवळचे फोटो कोर्टात दाखवले, तर चोरून काढलेले म्हणून समोरच्या वकिलानं ते हातोहात उडवले. साहेब वरच्या हुद्द्यावर गेले.

दिरानं तिला एका शब्दानंही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. ती वर चहा घेऊन गेली की तो उठून उभा राहायचा, परक्या बाईसमोर राहावं तसा.

मग एक दिवस त्यानं दुसऱ्या गावी गोदामात काम धरलं आणि सामान बांधलं. सासूबाई खाली आल्या, वरच्या खोलीची किल्ली तिच्या ओट्यावर ठेवली.

"आई, तुम्ही तरी राहा," ती म्हणाली.

"कुणाकडे राहू?" म्हातारी म्हणाली. "एकाला क्रेननं नेलं. दुसऱ्याला तू पाठवलंस."

"आई, पुरे," दारातून दीर म्हणाला. त्यानं आईचा हात धरला, पायरी उतरायला मदत केली आणि मागे न बघता तिला घेऊन गेला.