साहेब आडवे होतात

रबरी शिक्के बनवणाऱ्या माणसाला हलायचं कारण फारसं पडत नाही. 'मिळाले', 'रद्द', 'तातडीचे' अशी अक्षरं उलटी जुळवायची, रबर दाबायचं, लाकडी मुठीला चिकटवायचं; सगळं एका स्टुलावर बसून होतं. आपला शिक्केवाला त्या स्टुलावर तीस वर्षं बसला होता आणि त्याचं पोट आता त्याच्या आधी टेबलाला टेकायला लागलं होतं. बावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला, रक्तदाबाचा आकडा पाहिला, पट्टा सोडून पुन्हा गुंडाळला आणि म्हणाले, "रोज अर्धा तास चाला."

त्याने मान डोलावली. मान डोलावण्यात तो तरबेज होता. पुढच्या खेपेला गुडघा दुखत होता, त्याच्या पुढच्या खेपेला बूट चावत होते.

"असं करा," डॉक्टर शेवटी म्हणाले, "कुत्रा पाळा. कुत्रा दारात उभा राहिला की सबब चालत नाही. चालणं होतं, मन रमतं, झोप लागते."

हे त्याने घरी सांगितलंच नसतं. पण मोठी बहीण शेजारच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती. ताईने मनावर घेतलं की घेतलं. तिसऱ्या दिवशी तिची एक मैत्रीण गाव सोडून लेकीकडे निघाली होती, तिचा कुत्रा ताईने घरी आणला. लांबलचक पाठ, बुटके पाय, तपकिरी रंग, वजन सोळा किलो. तो आत आला, सगळ्या खोल्या हिंडून पाहिल्या, शिक्केवाल्याच्या आरामखुर्चीत चढला आणि त्याच्याकडे असं बघितलं, की काम काय आहे ते लवकर सांगा. त्या क्षणापासून त्याला सगळे साहेब म्हणायला लागले, आणि अहोजाहोही आपोआपच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब फिरायला निघाले. घर टेकडीवर होतं. चौऱ्याहत्तर पायऱ्या उतरून खालचा रस्ता, मग सरळ टपालकचेरी. साहेब इतक्या झपाझप चालत होते की शिक्केवाल्याला पट्ट्यामागे जवळजवळ धावावं लागलं. टपालकचेरीच्या दाराशी साहेब थांबले, एकदा स्वतःभोवती फिरले आणि आडवे झाले.

शिक्केवाल्याने हाक मारली, पट्टा ओढला, बिस्कीट दाखवलं. साहेबांनी पडल्यापडल्या बिस्कीट खाल्लं. अर्ध्या तासाने त्याने कपाळाला हात लावला, साहेबांना दोन्ही हातांनी उचललं आणि चौऱ्याहत्तर पायऱ्या चढून घरी आणलं. मध्ये सात वेळा थांबला. साहेब वाटेत झोपले होते.

मग हे रोजचंच झालं. त्याने वाट बदलून पाहिली. साहेब नव्या वाटेवर आडवे झाले. आधी वर चढून मग खाली यावं, म्हणजे निदान उतारावर उचलावं लागेल, अशी युक्ती काढली. साहेब उंबऱ्यावरच आडवे झाले. शेवटी त्याने नाद सोडला. खालची धोबीण विचारायची, "साहेबांची तब्येत बरी नाही का?" तो धापा टाकत म्हणायचा, "साहेबांची ठणठणीत आहे. माझं काय ते विचारा."

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि चष्मा पुसला.

"चालायला लागलात वाटतं."

"जाताना चालतो. येताना साहेबांना उचलून आणतो."

"कुठल्या साहेबांना?"

"आमच्याकडे असतात ते."

"आजारी असतात?"

"छे. टपालकचेरीपर्यंत अगदी ताठ जातात. मग तिथे आडवे होतात."

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "पितात का?"

"पितात की. घरी आल्यावर, वाडगाभर."

"आणि घरातलं कुणी काही बोलत नाही?"

"ताई त्यांचं पोट खाजवते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग शिक्केवाल्याच्या ध्यानात घोटाळा आला आणि त्याने खुलासा केला. डॉक्टर इतके हसले की त्यांना गळ्याचं बटण काढावं लागलं. तेही अंगाने भरलेले गृहस्थ होते.

शिक्केवाला खुशीत घरी आला. पण त्याच आठवड्यात साहेबांना सुई टोचायला न्यायचं होतं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना काट्यावर उभं केलं. एकोणीस किलो.

"यांना अजिबात चालवत नाही तुम्ही," बाई म्हणाल्या.

"चालायला जातो ना रोज."

"कोण?"

त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब भिंतीकडे बघत होते. ते बघणं त्याच्या चांगलं ओळखीचं होतं. डॉक्टरांपुढे तोही भिंतीकडेच बघायचा.

"सोबत असली की कुत्रा चालतो," बाई म्हणाल्या. "आणखी एक पाळा."

सोबत आलेल्या ताईचा चेहरा खुलला. दोन काखांत दोन साहेब घेऊन आपण पायऱ्या चढतोय, असं शिक्केवाल्याला स्पष्ट दिसलं. "ताई, मला महिनाभर दे," तो म्हणाला. "मी यांना वर चढवून दाखवतो."

"बाळ्या, महिना म्हणजे महिना," ताई म्हणाली.

एकोणतीस दिवस काही जमलं नाही. तिसाव्या दिवशी साहेब टपालकचेरीपाशी आडवे झाले, तेव्हा शिक्केवाल्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तोही त्यांच्या शेजारी फरशीवर आडवा झाला. बघू दे, कसं वाटतं ते. साहेबांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग उठून बसले आणि त्याचा कान हुंगला. युक्ती लागू पडतेय असं त्याला वाटतंय तोवर, पत्र टाकायला आलेल्या डॉक्टरांना आपला पेशंट रस्त्यात पडलेला दिसला.

डॉक्टर धावत आले, गुडघ्यांवर बसले आणि त्याची छाती दाबायला लागले.

"मी ठी—"

"बोलू नका."

"अहो मी—"

"बोलू नका म्हटलं ना."

साहेबांनी असला प्रकार जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी डॉक्टरांच्या पँटचा पाय धरून ओढला. तेवढ्याने भागेना, तेव्हा ते वळले आणि बुटक्या पायांनी सुसाट घराकडे सुटले. पट्टा मागून फरफटत होता. ते पाहून शिक्केवाला डॉक्टरांच्या हाताखालून निसटला आणि पळाला. चौऱ्याहत्तर पायऱ्या तो दोन-दोन करत चढला. वर पोहोचला तेव्हा साहेब ताईपुढे उभे राहून गल्ली दणाणून टाकत होते.

"साहेब एकटे कसे आले?" ताईने विचारलं.

"पायांनी," तो म्हणाला. म्हणाला आणि त्याला जाणवलं, की आपल्याला धाप लागलेली नाही. त्याने मुद्दाम छातीवर हात ठेवून पाहिला. दुखत होती ती फक्त डॉक्टरांनी दाबली होती तिथे. साहेबांनी त्याला पायापासून हुंगून काढलं, तो शाबूत आहे अशी खात्री करून घेतली आणि मगच आरामखुर्चीत गेले.

डॉक्टर वीस मिनिटांनी आले. चेहरा लालबुंद, हातात न टाकलेलं पत्र तसंच. ताईने त्यांना बसवलं, पाणी दिलं, दुसरा पेला दिला आणि ते बोलण्याच्या स्थितीत आल्यावर म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही एखादा कुत्रा का पाळत नाही?"

डॉक्टर भिंतीकडे बघायला लागले.

त्यांनी कुत्रा पाळला नाही. पण सकाळी सोबत यायला लागले. त्याचा उपयोग असा झाला, की साहेबांनी आडवं होणं सोडून दिलं. या माणसाजवळ शिक्केवाल्याला एकटं सोडायचं नाही असं त्यांनी पक्कं ठरवलेलं दिसत होतं. ते दोघांच्या मधून चालतात, एक डोळा डॉक्टरांच्या हातांवर ठेवून, पायऱ्यांवरसुद्धा. साहेब आता साडेसोळावर आलेत, डॉक्टरांनी कमरेचा पट्टा दोन भोकं आत घेतलाय, आणि दुसऱ्या कुत्र्याचं नाव ताई सध्या काढत नाही.

शिक्केवाल्याला मात्र सुरुवातीला मोकळ्या हातांचं काय करावं ते कळेना. कधी खिशात घालायचा, कधी पाठीमागे बांधायचा. हल्ली दहा पायऱ्या उरल्या असताना डॉक्टर दवाखान्याकडे वळले, की तो जरा थांबतो. साहेबही थांबतात आणि वर बघतात. मग त्या दहा पायऱ्या तो त्यांना उचलून नेतो आणि ताईला दिसायच्या आत, वळणापाशी, अलगद खाली ठेवतो.