रक्तातली लेक

नवऱ्याची किडनी बसवल्यावर प्रीतीला सगळ्यात आधी पाण्याचं सुख मिळालं. डायलिसिस सुरू होतं तेव्हा ती दिवसभर ओठ ओले करून भागवायची. आता डॉक्टरच सांगत, भरपूर प्या. अश्विन हिंगण्याच्या कारखान्यातून घरी आला की बूट काढायच्या आधी विचारायचा, "पाणी पेली का वं?" आणि ती मुद्दाम त्याच्यासमोर तांब्या तोंडाला लावायची.

इंदोरा वस्तीतल्या त्या घरात तिघंच राहत: प्रीती, अश्विन आणि त्याची आई तुळसाबाई. आजारी पडायच्या आधी प्रीती हॉस्टेलच्या मुलांना जेवणाचे डबे द्यायची. पायावर सूज आली, उलट्या सुरू झाल्या, आणि कळलं तेव्हा दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तिची आई मधुमेहाची, भाऊ नाही; माहेरून किडनी देणारं कोणी नव्हतं. अश्विननं स्वतःची तपासणी करून घेतली आणि सगळं जुळल्यावरच घरी सांगितलं. तुळसाबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग ऑपरेशनच्या दिवशी तीच सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसली.

हे झालं त्याला सहा महिने होत आले होते. प्रीतीच्या गालावर तजेला आला होता. पुन्हा डबे सुरू करावेत, असं ती बोलू लागली होती. धंतोलीतल्या दवाखान्यात दर महिन्याला तपासायला रक्त द्यायचं, रिपोर्ट चांगला आला की येताना दोघांनी उसाचा नाही तर संत्र्याचा रस घ्यायचा, असा त्यांचा रिवाजच झाला होता.

त्या महिन्यातही क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, चांगलं होतं. तरी डॉक्टर रितिकांनी त्यांना बसवून ठेवलं.

"या वेळी आपण एक जास्तीची तपासणी केली होती," त्या म्हणाल्या. "प्रीतीताईंच्या रक्तात अश्विनच्या किडनीविरुद्ध अँटिबॉडी दिसल्या आहेत. म्हणजे शरीर त्या किडनीवर हल्ला करायला लागलंय. किडनीला किती इजा झालीय ते बघायला तिचा बारीकसा तुकडा काढावा लागेल."

"पण मॅडम, मले तर काहीच होऊन नाही राहिलं," प्रीती म्हणाली. "लघवी बरोबर होते, सूज नाही. क्रिएटिनिन तुम्हीच म्हणता चांगलं आहे."

"क्रिएटिनिन उशिरा वाढतं ताई. ते वाढलेलं दिसतं तोवर किडनीचा बराच भाग खराब झालेला असतो. आत्ता त्रास नाही, म्हणूनच हातात वेळ आहे."

डॉक्टरांनी फाईल मागे चाळली. "हे बहुतेक नवीन नाही. शरीरानं अश्विनचा अंश आधी कधीतरी पाहिलेला असावा, तेव्हाच ते असं जोरात उलटतं. इथं मूल नाही असं लिहिलंय. कधी दिवस राहिले होते का?"

प्रीतीनं अश्विनकडे पाहिलं नाही. तिचा हात पोटाच्या उजव्या बाजूला, किडनी होती तिथं गेला.

"मुलगी झाली होती," अश्विन म्हणाला. "अकरा वर्ष झाले. आठव्या महिन्यात. वाचली नाही."

त्या वेळी प्रीतीचा रक्तदाब चढला होता आणि तिला झटके आले होते. ती शुद्धीवर आली तेव्हा मुलीला माती देऊन झाली होती. घरी आल्यावर पाळणा दिसला नाही, नवे कपडे दिसले नाहीत. कोणी विचारलं तर तुळसाबाई म्हणायची, मूलबाळ नाही. फाईल भरतानाही तिनंच तसं सांगितलं होतं. प्रीती बाजूलाच बसली होती, ती काही बोलली नव्हती.

"आईच्या पोटात बाळ असतं तेव्हा त्याच्यात अर्धा बाप असतो," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "काही बायकांच्या रक्ताला ते लक्षात राहतं. ऑपरेशनच्या आधी ते इतकं कमी होतं की तपासणीत आलं नाही. तुमचं काही चुकलं नाही. आम्हीच प्रश्न नीट विचारायला हवा होता. माहीत असतं तरी ही किडनी बसवलीच असती कदाचित, पण नजर जास्त ठेवली असती."

त्या दिवशी त्यांनी रस घेतला नाही. गाडीवर मागे बसल्यावर प्रीती इतकंच म्हणाली, "तिलेही माह्या अंगानं नाही ठेवलं. आता तुमची किडनीही नाही ठेवून राहिलं."

"असं नको बोलू वं," अश्विन म्हणाला. त्यानं गाडी सुरू केली.

तुकड्याच्या तपासणीत इजा दिसली. सुरुवातीचीच होती, पण होती. मग प्रीतीला भरती केलं. मशीन लावून तिच्या रक्तातलं पाणी वेगळं काढायचं, त्याच्यासोबत अँटिबॉडी काढून टाकायच्या आणि रक्त परत द्यायचं, असं एक दिवसाआड चाललं. अश्विननं रजा टाकली होती. तो स्टुलावर बसून नळीकडे पाहत राहायचा.

तिसऱ्या खेपेला दुपारच्या वेळी प्रीतीनं मशीनच्या बाजूला लटकलेली पिशवी पाहिली. फिकट पिवळ्या पाण्यानं ती भरत चालली होती.

"हे सारं फेकून देतात का?" तिनं विचारलं.

"हो."

"तिची एवढीच निशाणी होती माह्याजवळ. मले माहीतही नव्हतं का ती आहे."

अश्विन उठला, पुन्हा बसला. प्रीती छताकडे पाहत होती.

"कशी होती ती?" ती म्हणाली. "अकरा वर्षात मले कोणी नाही सांगतलं. मी विचारलं असतं तर तुम्ही रडले असते, म्हणून विचारलं नाही."

"मले वाटे, तू विसरून राहिली," अश्विन म्हणाला. "म्हटलं, काहून याद द्यायची."

"मी विसरीन?"

अश्विन खाली फरशीकडे पाहूनच बोलला.

"केस लय होते. काळेभोर, कानापर्यंत. आईनं कोमट पाण्यानं धुतलं तिले. हाताची मूठ अशी घट्ट होती, आईनं सोडून पाहिली तर नखं एवढी एवढीशी, पण पूर्ण. ओठ तुह्यासारखे. तवा बाबा जिते होते, त्याइच्यासंग मी तिले टॉवेलात घेऊन घाटावर गेलो. रस्त्यानं मले वाटलं, हे हालली. दोनदा थांबून पाहिलं."

"हालली होती?"

"नाही."

प्रीतीच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. तिच्या एका हाताला सुई होती, म्हणून अश्विननं त्याच्या रुमालानं पुसलं. सिस्टर आली, पिशवी बदलली आणि दोघांकडे न पाहता निघून गेली.

घरी तुळसाबाईला अश्विननं काय सांगितलं ते प्रीतीला कळलं नाही. पण ती घरी परतली त्या संध्याकाळी म्हातारी तिच्या खाटेजवळ येऊन बसली. "म्या तिले काजळ लावलं होतं पोरी," ती म्हणाली, "तिचे डोये झाकलेले होते, तरी लावलं." प्रीतीनं तिचा हात धरला. माफ केलं की नाही, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

अँटिबॉडी कमी झाल्या, संपल्या नाहीत. गोळ्या वाढल्या. किडनीचा जो भाग गेला तो परत येणार नव्हता. क्रिएटिनिन आता थोडं वर सरकून तिथंच थांबलं होतं. "लवकर सापडलं म्हणून एवढी तरी हाती राहिली," डॉक्टर रितिका म्हणाल्या. किती वर्षं राहील, या प्रश्नाला त्यांनी खोटं उत्तर दिलं नाही. डब्यांचं प्रीतीनं मनातून काढून टाकलं.

थंडी सरता सरता ती एका रविवारी अश्विनला म्हणाली, "मले तिथं घेऊन चला."

घाटावर लहान मुलांना माती देतात तो भाग कुंपणाकडे होता. अश्विनच्या आठवणीत तिथं एक बाभूळ होती. आता बाभूळ नव्हती. जमीन सपाट करून घेतलेली, मधून सिमेंटचा रस्ता गेलेला. तो एका कडेनं गेला, मागे आला, पावलं टाकून पाहिली आणि उभाच राहिला.

"इथंच कुठंतरी," तो म्हणाला. "मले नेमकं नाही सांगता येत, प्रीती."

"राहू द्या," ती म्हणाली.

जंतू लागू नयेत म्हणून तोंडावर लावलेला मास्क खाली ओढून ती उन्हात बसली. तिनं तळहात जमिनीवर टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला. अश्विन तिच्याजवळ बसला. बाजूच्या गवतात कोणीतरी नुकत्याच दिलेल्या मातीवर झेंडूची फुलं होती आणि एक निळं झबलं दगडाखाली दाबून ठेवलं होतं. दोघंही ते झबलं पाहत बसले.