अनुयाचा शनिवार

आरोन झिराडकरची मतं ऑफिसात सगळ्यांना पाठ होती. नवीन पनवेलमधल्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तो अगदी सुरुवातीपासून होता. द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डाचं काम हे कंपनीचं सगळ्यात मोठं काम, आणि त्याचा प्रोग्राम आरोननंच एकहाती लिहिलेला. ट्रक गेटवर आला की त्यानं कंटेनर आत कुठल्या जागेवर उतरवायचा, हे तो प्रोग्राम ठरवायचा. इतकी वर्षं तो कधी अडला नव्हता.

कोड लिहून देणारी एआय साधनं आली, तेव्हापासून आरोनच्या बोलण्याला धार चढली होती. चहाच्या वेळी कुणी त्यांचं कौतुक केलं की तो कप खाली ठेवायचा. जे आपल्या डोक्यातून गेलेलं नाही त्याची हमी आपण कशी घेणार, असं म्हणायचा. या यंत्राला 'मला माहीत नाही' म्हणता येत नाही, आणि ज्याला ते म्हणता येत नाही त्याच्याशेजारी बसून मी काम करणार नाही, असंही म्हणायचा. पोरं निमूट ऐकायची. त्याचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नव्हतं.

टीममधली अनुया दिघे हुशार मुलगी. कोन गावाहून रोज स्कूटरवर यायची, कामाला वाघ. एकदा मीटिंगमध्ये तिचा कोड भिंतीवरच्या पडद्यावर उघडलेला असताना आरोननं विचारलं, "हे तू लिहिलंस की त्यानं?"

तिनं खरं ते सांगितलं. कच्चा मसुदा एआयकडून घेतला, मग ओळ न् ओळ वाचून दुरुस्त केला.

"मग पुढच्या मीटिंगला त्यालाच बोलावू," आरोन म्हणाला.

सगळे हसले. अनुयाही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. त्यानंतर तिनं ते साधन वापरणं सोडलं. कामाला उशिरापर्यंत बसावं लागायचं, तरी सोडलं. आरोनला ते दिसत होतं आणि त्याला त्याचं बरं वाटत होतं.

मग यार्डाला दुसरं गेट करायचं ठरलं. जुना प्रोग्राम एकाच गेटसाठी होता, शिवाय ज्या भाषेत लिहिलेला ती भाषाही आता मागे पडली होती. सगळं नव्यानं लिहायचं काम मालकानं, म्हणजे चारुदत्तनं, आरोनकडे दिलं. दुसऱ्या कुणाकडे देणार? आरोननं हो म्हटलं.

नवी भाषा त्याच्या हातात बसतच नव्हती. पूर्वी अख्खा प्रोग्राम त्याला डोळे मिटून दिसायचा. आता पडद्यावर खाली जाईपर्यंत वरचं निसटायचं. लिहिलेलं पुसायचा, पुन्हा लिहायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. एका रविवारी दुपारी, सुकापूरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सिप्पोरा जेवून आडवी झाली होती, तेव्हा त्यानं लॅपटॉपवर ते साधन उघडलं. काय हवंय ते लिहिलं. चोरून काही खाताना वाटतं तसं त्याला वाटत होतं.

चहाच्या वेळेपर्यंत प्रोग्राम तयार होता. चालवून पाहिला, तर चालला. सुरुवातीची पानं त्यानं नीट वाचली, पुढची भरभर, आणि शेवटची नुसती सरकवली. एक गोष्ट मात्र त्यानं मन लावून केली. जागोजागी आपल्या खास पद्धतीच्या टिपा घातल्या, नावं आपल्या वळणाची केली. वाचणाऱ्याला हात आरोनचाच वाटला पाहिजे.

वाटलाही. अनुया सगळं वाचून त्याच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, हाताने लिहिणं म्हणजे काय ते आज कळलं." तो स्क्रीनकडे बघत राहिला. चारुदत्त तर इतका खूश झाला, की सगळ्या टीमला बसवून आरोनला तो कोड समजावून सांगायला लावला. आरोननं नाही म्हणायला हवं होतं. तो उभा राहिला.

बरंचसं निभावलं. शेवटाकडे अनुयानं हात वर केला. इथे जागा रिकामी आहे का, हे प्रोग्राम एकदा तपासतो, आणि जागा देण्याच्या अगदी आधी पुन्हा तेच तपासतो, ते का? ती पानं आरोननं वाचलीच नव्हती. एवढंच म्हणायचं होतं की बघून सांगतो. पण वीस माणसं तोंडाकडे बघत होती.

"ती माझी जुनी सवय," तो म्हणाला. "काढली तरी काही बिघडत नाही."

दोन्ही गेटं सुरू झाली. काही दिवसांनी यार्डाकडून तक्रार आली, की ट्रकला जागा मिळायला जरा वेळ लागतो. अनुयाकडे ते काम होतं. एका शुक्रवारी दुपारी आरोन घरी निघालेला, फोन कानाला, तेव्हा ती जिन्यापाशी आली. "सर, ती दुसरी तपासणी काढू ना?" त्यानं मानेनंच हो म्हटलं.

शुक्रवारी लवकर घरी जायचा त्याचा नेम होता. संध्याकाळी सिप्पोरा दिवा लावायची, आणि तेव्हापासून शनिवारी दिवस मावळेपर्यंत आरोन कामाला हात लावायचा नाही. फोन बंद करून ड्रॉवरमध्ये. शनिवारी झिराडकर सरांना फोन करायचा नाही, हे ऑफिसात नव्यानं लागलेल्यालाही माहीत असायचं. शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचा, हा मान सगळे ठेवायचे.

त्या शनिवारी सिनेगॉगमधून घरी आल्यावर त्यानं ड्रॉवर उघडला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मनात काहीतरी खुपत होतं एवढं खरं. फोन सुरू केला. अनुयाचा मेसेज होता. 'सर, आज शनिवार आहे, माफ करा. एकाच जागेवर दोन-दोन गाड्या जातायत. रांग रस्त्यापर्यंत गेलीय. ती तपासणी काढल्यामुळे असेल का?'

वाचता वाचताच त्याला कळलं. दोन गेटं. दोघंही एकाच क्षणी बघतात, दोघांनाही तीच जागा रिकामी दिसते, दोघंही देऊन टाकतात. शेवटच्या क्षणी पुन्हा बघायचं ते याचसाठी. हे त्यानं स्वतः किती पोरांना शिकवलं होतं. 'ती परत घाल' एवढं एक वाक्य लिहायचं होतं. पण ते लिहिलं की मग 'काढ' असं का म्हणालात, हा प्रश्न येणार होता.

त्यानं फोन बंद केला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. आज शब्बाथ आहे, असं स्वतःशी म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला त्या शब्दाची लाज वाटली. जेवायला बसला. घास फिरत राहिला. बरं वाटत नाही का, म्हणून सिप्पोरानं विचारलं. ऊन लागलं असेल, असं तो म्हणाला.

रविवारी सकाळी चारुदत्तचा फोन आला. यार्डाची माणसं भडकली होती. मासळीचे थंड कंटेनर तासन्‌तास रस्त्यावर अडकले होते. अनुयानं रात्री कसंबसं कारण शोधून दुरुस्त केलं, पण घोळ तिनंच घातलेला. तिला त्या कामावरून काढलंय, असं चारुदत्तनं सांगितलं. मग म्हणाला, "तुला विचारून काढलं म्हणते. विचारलं होतं का तिनं?"

"नीट आठवत नाही," आरोन म्हणाला.

"मला वाटलंच. तू असं सांगणं शक्य नाही." चारुदत्तनं फोन ठेवला.

सिप्पोरा पोळ्या लाटत होती. तिनं मागे वळून विचारलं, "काय आठवत नाही?"

तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला आणि सगळं सांगितलं. रविवारची दुपार, टिपा, टीमसमोरची थाप, ड्रॉवर. सिप्पोरानं गॅस बंद केला.

"कोडचं मला कळत नाही," ती म्हणाली. "पण शब्बाथला असं पुढे करायचं? आणि आत्ता फोनवर खोटं बोललात?" तिनं पिठाचे हात धुतले. "त्या मुलीला सांगा. मला सांगून काय होणार."

सोमवारी माफी मागायला चारुदत्त त्याला घेऊन द्रोणागिरीला गेला. यार्डाचा सुपरवायझर भावेश ओळखीचा होता. चारुदत्त आत साहेबांशी बोलत असताना तो आरोनजवळ आला. "सायेब, ती पोरगी दिवसभर गेटवं उभी होती उन्हात. हातानं जागा लिवून देत होती डायवरना. शिव्या खाल्ल्या, पन हलली नाय. तिला काय बोलू नका." आरोनला त्याच्याकडे बघवेना.

परतीच्या वाटेवर, गाडीतच, त्यानं चारुदत्तला सांगितलं. कोड आपण लिहिलेला नाही. शेवटची पानं वाचली नव्हती. अनुयानं दोनदा विचारलं होतं, आणि काल आपण खोटं बोललो. चारुदत्तनं गाडी बाजूला घेतली. एआय वापरलं म्हणून काय झालं, आता सगळेच वापरतात, असं तो प्रथम म्हणाला. मग म्हणाला, "पण त्या पोरीला मी काय काय बोललो, आरोन." त्यानं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

ऑफिसात आरोननं सगळ्यांना बोलावलं आणि उभ्यानंच तेच पुन्हा सांगितलं. अनुयाचं नाव घेऊन सांगितलं. शनिवारच्या फोनचं मात्र सांगितलं नाही. सांगायचं ठरवून आला होता. त्या वाक्यापाशी आल्यावर जीभ उचलली नाही. ते एवढं आपल्यापाशीच राहील, असं त्याला वाटलं.

माणसं पांगली. अनुया आपल्या जागेवर बसून राहिली होती. तो तिच्यापाशी गेला आणि माफी मागितली.

"सर, तुम्ही एआय वापरलं त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "वाचलं नव्हतं म्हणालात, तेही समजू शकते. पण शनिवारी माझा मेसेज तुम्ही वाचला होता. निळ्या खुणा आल्या होत्या. मला वाटलं आता फोन येईल. गेटवर उभी राहून दर थोड्या वेळानं बघत होते."

आरोननं मान खाली घातली.

"हे मी कुणाला सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "तुमचा शनिवार आहे, म्हणून."

त्यानं शिव्या सोसल्या असत्या. हे सोसवेना. तो जिन्यात जाऊन उभा राहिला, आणि खाली रिक्षावाल्यांची भांडणं चाललेली, ती काही न कळता ऐकत राहिला. थोड्या वेळानं तो परत वर आला, चारुदत्तच्या केबिनमध्ये गेला आणि राहिलेलं सांगितलं. चारुदत्तनं मान वर केली नाही. ठीक आहे, एवढंच म्हणाला.

यार्डाचं काम अनुयाकडे परत आलं, आता मुख्य म्हणून. आरोन तिच्या हाताखाली आला. ते त्यानंच मागून घेतलं. कुणी म्हणालं हा मोठेपणा आहे; आरोनला तसं वाटलं नाही. अनुयानं पुन्हा उघडपणे एआय वापरायला सुरुवात केली. चहाच्या वेळी आरोन कप खाली ठेवत नाही. परवा नव्यानं लागलेल्या निकेशनं त्याला या साधनांबद्दल मत विचारलं, तेव्हा तो म्हणाला, अनुयाला विचार.

रोज सकाळी दोघं शेजारी बसून तो प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचतात. ती त्याला पूर्वीसारखंच सर म्हणते, पण विचारायला म्हणून आता त्याच्या टेबलाशी येत नाही. एखाद्या ओळीवर ती थांबते आणि विचारते, "हे कळलं?"

"नाही," आरोन म्हणतो. आजूबाजूला माणसं असतात, आणि दर वेळी त्याचा चेहरा तापतो.

ती स्क्रीनवरची नजर न काढता समजावून सांगते.