धाकूकाकांचा खरा रंग

रेवतीच्या नजरेतून रंग सुटत नाही, हे दहिसरमध्ये आता कुणी नाकारत नाही. तिच्या फोटो काढायच्या-छापायच्या दुकानात नवा कागद आला की ती रंगीत चौकोनांचा तक्ता छापते, एकेका चौकोनावर रंग मोजायचं यंत्र फिरवते आणि त्या आकड्यांवरून त्या कागदाचं प्रोफाइल, म्हणजे त्यावर कुठला रंग किती उमटवायचा याचं कोष्टक, बनवते. मग प्रिंटरची काय बिशाद, लालाच्या जागी नारिंगी छापायची!

पण त्या दुपारी प्रेमाकाकूंनी नवऱ्याचा मोठा फोटो पाहिला आणि त्यांचं तोंड उतरलं. नवरा, म्हणजे धाकूकाका, शेजारीच टोपी सावरत बसले होते.

"ह्यो कोण गो? दर फोटोवालो ह्यांका पीठ फासता. लग्नाच्या फोटोत पण तसाच! माका ह्यांचो एक तरी खरो फोटो व्हयो."

रेवतीला ते झोंबलं. तिने तक्ता पुन्हा छापला, पुन्हा मोजला. आकडे एकदम चोख. पण कागदावरचे धाकूकाका मात्र कुणी परके गोरे पाहुणे. चौकोन खरे आणि माणूस खोटा? असं कसं होईल! फोटोत आहे आणि तक्त्यात नाही, असं काय?

चेहरा!

तिने प्रिंटरची सेटिंग उघडली. 'चेहरा आपोआप उजळा' यावर टिक. चौकोनांना चेहरा नसतो, म्हणून तपासणीत काही सापडलंच नव्हतं.

"सुशांत, हे तू चालू केलंस?"

"अगं, लोक खूश होतात ना यार," तिचा भागीदार म्हणाला. "काळा फोटो कुणाला हवाय?"

"हळू बोल, गाढवा. ज्यांना हवाय त्या समोर बसल्यायत."

तिने टिक काढली, फोटो पुन्हा छापला, वाळू दिला आणि काकांना दाराशी उजेडात उभं करून त्यांच्या गालाशी धरला. रापलेलं कपाळ, टोपीखालचा फिकट पट्टा, सगळं जसंच्या तसं. चुकायचा प्रश्नच नव्हता.

"एवढो काळो मी?" काका कुरकुरले.

"काळेच! उद्या तुमी गेलास काय मी कोणावांगडा बोलू? फोटोतल्या त्या गोऱ्यावांगडा?" काकू म्हणाल्या.

धाकूकाकांनी फोटो हातात घेऊन नीट पाहिला. मग घसा खाकरून रेवतीला म्हणाले, "हिचो पण एक काढ गो. असोच. पीठ नको."